मामा नवव्या ओळीत

मामाशिवाय नवरी बोहल्यावर येत नाही. बाळाचं जावळ काढायचं तर मांडी मामाची लागते, कान टोचायलाही तीच. आईच्या माहेरचा हा माणूस घरातल्या कार्यात कायम मानाच्या पाटावर असतो. आता समजा, तो भाचा मोठा झाला आणि लग्न न करता, मृत्युपत्र न लिहिता वारला. आईवडील आधीच गेलेले, नावावर चार एकर धानाची जमीन. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने पुरुषाच्या वारसांची जी क्रमवारी लावली आहे, तिच्या दुसऱ्या वर्गात नऊ नोंदी आहेत. वरच्या नोंदीतलं कुणी हयात असेल तर खालच्यांना काहीच मिळत नाही. मामा आणि मावशी नवव्या नोंदीत आहेत, म्हणजे अगदी शेवटी. त्यांच्या आधी आईचे आईवडील, त्याआधी काका आणि आत्या, आणि त्यांच्याही वर भावजय, तीही विधवा असेल तर. मामी, काकू, आत्याचे यजमान, साडू, व्याही यांची नावं यादीत कुठेच नाहीत.

उलट बाजूने पाहा. मामा निपुत्रिक वारला तर भाचा चौथ्या नोंदीत आहे, तेही पुतण्याच्या बरोबरीने. म्हणजे भाचा मामाला जितका जवळचा, तितका मामा भाच्याला नाही. नातं दोन्हीकडून सारखंच असतं असं आपण धरून चालतो. कायदा मात्र कोण गेला आणि कोण उरला यावरून अंतर मोजतो. चुलतभाऊ आणि मामेभाऊ या यादीत नाहीतच. नऊही नोंदी रिकाम्या निघाल्या तर आधी केवळ पुरुषांमार्फत जोडलेले नातलग येतात, आणि बाईमार्फत जोडलेले त्यानंतर. त्यामुळे ज्याच्याशी बांधावरून बोलणं बंद आहे तो चुलतभाऊ वारस ठरतो, आणि ज्याच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या तो मामेभाऊ बाहेर राहतो.

गोंदिया जिल्ह्यात राहून हा विषय पाहण्यात वेगळी मौज आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा म्हणजे महाराष्ट्राचा ईशान्य कोपरा. वर मध्य प्रदेशचा बालाघाट, उजवीकडे छत्तीसगड. इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातल्या नातेव्यवस्थांवर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात देशाचे नात्यांच्या रीतीनुसार पट्टे पाडले. उत्तरेत मुलगी लांबच्या, अनोळखी घरी द्यायची आणि आते-मामे भावंडांना सख्ख्यासारखंच मानायचं. दक्षिणेत सोयरीक शक्यतो नात्यातच करायची. महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात, दोन्ही रीती जिथे एकमेकींत मिसळतात तिथे. नवी सून सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची, ते या मिसळणीमुळेच.

या जिल्ह्यात दोन्ही रीती एका गावात शेजारीशेजारी नांदतात. पोवार समाजात छत्तीस कुळं मानतात. पटले, बिसेन, रहांगडाले, कटरे, टेंभरे, तुरकर ही आडनावं म्हणजेच कुळं, आणि पटल्यांची मुलगी पटल्यांच्या घरात जात नाही. गोंडांमध्ये हिशेब देवांचा असतो. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. आडनावं वेगळी असली तरी देवसंख्या एक असेल तर ते भाऊबंद झाले, त्यांच्यात लग्न होत नाही. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला लाखो गोंड जमतात, तेव्हा दोन अनोळखी माणसं ओळख काढताना देवसंख्याही विचारतात; त्यावरून समोरचा भाऊ की सोयरा ते कळतं. आते-मामे भावंडांच्या लग्नाला मात्र गोंडांमध्ये जुनी मान्यता आहे. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर 1916 साली जे खंड काढले, त्यांत या रीतीचं नाव दूध लौटाना असं दिलं आहे. एका पिढीत या घरातून त्या घरात गेलेलं दूध पुढच्या पिढीत परत येतं, अशी ती कल्पना.

1955 च्या हिंदू विवाह कायद्यात बहीणभावाच्या मुलांचं आपसातलं लग्न निषिद्ध नात्यांत येतं, पण समाजाची तशी रूढी असेल तर चालतं. मामेबहिणीशी झालेली महाराष्ट्रातली असंख्य लग्नं या एका सवलतीवर कायदेशीर आहेत. गोंडांना तर तो कायदाच लागू होत नाही. त्याकडे पुढे येऊ.

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाव्हण्यांनी घरं भरतात, रात्री दंडार नाहीतर नाटक. सोयरिकीच्या गोष्टी याच दिवसांत निघतात. आणि भाऊबहिणी सगळे एका छपराखाली असल्यामुळे वाटणीच्या गोष्टीही याच दिवसांत निघतात. तेव्हा कुणाला काय मिळतं, हे शांतपणे पाहून ठेवलेलं बरं.

पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिला हक्क पहिल्या वर्गाचा: मुलगे, मुली, विधवा आणि आई. आधीच वारलेल्या मुलाची विधवा आणि त्याची मुलं, वारलेल्या मुलीची मुलं यांनाही त्यात जागा आहे. बाप मात्र पहिल्या वर्गात नाही. तो दुसऱ्या वर्गाच्या पहिल्या नोंदीत आहे, म्हणजे मुलाच्या मागे त्याची आई हयात असेल तर तिला वाटा मिळतो आणि बापाला काहीच नाही. हे सांगितलं की ऐकणारा हटकून म्हणतो, असं कसं असेल? पण आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत बापाचा हात आधीच असतो, असा हिशेब त्यामागे असावा.

स्वकष्टाच्या चार एकरांचा मालक गेला, मागे म्हातारी आई, बायको, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी. पाच सारखे वाटे होतात, प्रत्येकी सुमारे 32 आर. म्हातारीचा वाटा नातवाइतकाच. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब दोन पायऱ्यांचा होतो: मयताच्या हयातीतच वाटणी झाली असं आधी मानायचं, त्यात त्याच्या नावे जेवढं येईल तेवढंच मग या वारसांत वाटायचं. तरुण विधवेबद्दल गावात एक पक्का समज आहे की तिने दुसरं लग्न केलं तर जमीन सासरच्यांना परत जाते. तसं होत नाही. वारसाने मिळालेला वाटा तिचा पूर्ण मालकीचा होतो आणि पुनर्विवाहाने तो सुटत नाही. याउलट एक बारीक अट फारशी कुणाला ठाऊक नसते. या यादीत भाऊ-बहीण म्हटलं की बाप एक असावा लागतो. आई एक आणि बाप वेगळे असतील, तर एका घरात वाढलेली भावंडंही दुसऱ्या वर्गातली भावंडं ठरत नाहीत. बाईच्या दुसऱ्या लग्नाची रीत ज्या समाजांत जुनी आहे तिथे ही अट चटका लावून जाते.

हे सगळं ज्यांना हिंदू कायदा लागू आहे त्यांच्यासाठी. त्यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात, म्हणजे जिल्ह्यातला मोठा बौद्ध समाजही आला. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांची गणितं निराळी आहेत, त्यांत इथे शिरत नाही.

खरी गुंतागुंत बाईच्या मालमत्तेत आहे. पुरुषाची मालमत्ता कुठूनही आलेली असो, तिची वाट एकच. बाईच्या बाबतीत कायदा आधी विचारतो, हे आलं कुठून? तिरोडा तालुक्यातली एक निपुत्रिक विधवा घ्या. तिच्या नावावर तीन गोष्टी आहेत: वडिलांमागे वारसाने आलेली धानाची एक बांधी, नवऱ्यामागे आलेलं घर आणि शाळेतल्या नोकरीच्या पगारातून घेतलेला गोंदियातला प्लॉट. ती मृत्युपत्र न करता गेली. बांधी तिच्या वडिलांच्या वारसांकडे, म्हणजे तिच्या भावा-भाच्यांकडे परत जाते. घर नवऱ्याच्या वारसांकडे जातं. इथपर्यंत कुणाची तक्रार नसावी. पण स्वतःच्या पगाराचा प्लॉटही नवऱ्याच्या वारसांकडे जातो. तिची सख्खी आई हयात असली, शेवटची पाच वर्षं तिनेच तिला सांभाळलं असलं, तरी आधी सासू, दीर, नणंद, पुतणे, भाचे. नवऱ्याकडचं कुणीच उरलं नाही तर तिचे आईवडील.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते 2009 साली सर्वोच्च न्यायालयात आलेल्या ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात दिसलं. लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत नवरा साप चावून मेला. सासरच्यांनी मुलीला घराबाहेर काढलं. आईवडिलांनी तिला शिकवलं, ती नोकरीला लागली आणि आयुष्यभर माहेरीच राहिली. 1996 मध्ये ती गेली तेव्हा बँकेतली ठेव आणि भविष्य निर्वाह निधी मिळून बऱ्यापैकी पैसा होता. माहेरच्यांनी तो मागितला, आणि चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही मागितला. न्यायालयाने सहानुभूती व्यक्त केली आणि पैसा नणंदेच्या मुलांना दिला, कारण कलमात तसंच लिहिलं आहे. त्याच्या आदल्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या 207 व्या अहवालात हे कलम बदलावं असं सुचवलं होतं. कलम अजून तसंच आहे. माझ्या मते या कायद्यातलं सर्वांत अन्यायाचं कलम हेच, आणि त्यावरचा उपाय इतका सोपा आहे की तो कुणी करत नाही याचं नवल वाटतं: साध्या कागदावर मृत्युपत्र लिहावं, दोन साक्षीदारांसमोर सही करावी. स्टॅम्प लागत नाही आणि नोंदणीची सक्तीही नाही.

आणखी एक खाच आहे. माहेरची जमीन माहेरी परत जाण्याचा नियम वारसाने आलेल्या मिळकतीलाच लागू आहे. बापाने हयातीत प्रेमाने बक्षीसपत्र करून दिली असेल, तर ती तिच्या इतर मालमत्तेसारखीच मानली जाते आणि मूल नसेल, नवराही नसेल, तर सासरकडे जाते.

लेकीच्या हक्काच्या तारखा मात्र आता बऱ्याच जणांना पाठ झाल्या आहेत. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ही लग्नाची अट काढली. बाप त्या दिवशी हयात हवा की नको, यावर पंधरा वर्षं वाद चालला. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नको, हक्क जन्माने आहे. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टातून झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

हक्क आला, आणि त्याच्यासोबत हक्कसोडपत्र आलं. बाप गेला की वारसाची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची. 2024 पासून त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं असलं तरी गावात तलाठीच म्हणतात. वारसांचा फेरफार होतो, नोटीस निघते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. बहिणींची नावं लागली की दुसऱ्या हंगामापासून भावाची अडचण सुरू होते. आधारभूत केंद्रावर धान विकायचा तर सामाईक सातबाऱ्यासाठी संमतीपत्रं मागतात, पीककर्जाला सह्या लागतात, आणि एक बहीण नागपूरला, दुसरी रायपूरला. मग मंडईच्या दिवसांत विषय निघतो. बहिणी सह्या करतात, बहुतेक वेळा राजीखुशीने, कधी माहेरचा उंबरा बंद होऊ नये म्हणून. सही करायची तर जाणून करावी एवढंच. साध्या स्टॅम्पपेपरवरच्या हक्कसोडीला किंमत नाही, नोंदणी व्हावी लागते. बाप हयात असताना त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीवरचा हक्क मुलगी सोडूच शकत नाही, कारण तो तिला अजून मिळालेलाच नसतो. आणि फेरफारात नाव नसणं म्हणजे हक्क गेला असंही नाही. सातबारा मालकीचा पुरावा म्हणून पाहिला जातो, पण मालकी तो जन्माला घालत नाही. मेलेल्या खातेदारांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहिली म्हणून 2025 साली राज्याने जिवंत सातबारा मोहीम काढली, यावरून हे दप्तर किती मागे चालतं ते कळावं.

धानाच्या मुलखात वाटणीचा खरा पेच जमिनीपेक्षा पाण्याचा. बोडी, म्हणजे छोटं तळं, एका भावाच्या हिश्शात जाते, आणि तिच्याखालच्या बांध्या चौघांच्या असतात. नकाशावर वाटणी समसमान दिसते, रोवणीच्या वेळी पाणी वरच्याच्या हातात. पूर्व विदर्भात यासाठी एक जुनं दप्तर आहे, वाजिब-उल-अर्ज. खासगी जमिनीतल्या पाण्याच्या, वाटेच्या आणि मासेमारीच्या गावरूढी त्यात नोंदवलेल्या असतात, आणि 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने ते चालू ठेवलं आहे. वाटणीपत्र करणाऱ्यांनी आपल्या गावाचं ते एकदा काढून पाहावं. आजोबांच्या काळात पाणी कोणत्या बांधीतून कोणत्या बांधीत उतरायचं, हे चुलत्यांच्या आठवणीपेक्षा तिथे बरं सापडण्याची शक्यता आहे.

आता गोंडांकडे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 13,22,507 होती, त्यात अनुसूचित जमाती सुमारे 16 टक्के. देवरी आणि सालेकसा या तालुक्यांत त्यांचं प्रमाण याहून बरंच जास्त. म्हणजे सहा माणसांतल्या एकाला वर सांगितलेलं जवळजवळ काहीच लागू नाही. हिंदू वारसा कायद्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिलं आहे की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. विवाह कायद्यातही तेच. मग गोंड बाप वारला तर लेकीला काय? उत्तर रूढीत शोधायचं, आणि रूढी लिहिलेली नाही. कुठे लेकीला जमीन देत नाहीत, कुठे घरजावई राहिला तर देतात, कुठे एकुलतीला मिळते. कोर्टात गेलं की प्रश्न उलटा पडायचा: लेकीला वाटा देण्याची रूढी आहे हे तिनेच सिद्ध करावं. ते तिला जमायचं नाही आणि दावा फेटाळला जायचा. काही कुटुंबांनी आम्ही रीतिरिवाजाने पुरते हिंदू झालो आहोत असं सांगून हिंदू कायदा मागितला, काहींना तो मिळालाही. पण वाटा मिळवायला आपलं गोंडपण कोर्टात सोडून यावं लागणं, ही काही न्याय मागण्याची रीत झाली नाही.

17 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रामचरण विरुद्ध सुखराम या खटल्यात हा प्रश्न सरळ केला. खटला शेजारच्या छत्तीसगडातल्या गोंड कुटुंबाचा. आजोबांच्या जमिनीत आपल्या आईचा वाटा तिच्या मुलांनी मामांच्या घराकडे मागितला होता. तिन्ही न्यायालयांत ते हरले, कारण बाईला वाटा मिळतो अशी रूढी त्यांना दाखवता आली नाही. न्यायमूर्ती संजय करोल आणि न्यायमूर्ती जॉयमाल्य बागची यांनी विचारलं, वाटा मिळत नाही अशी रूढी तरी कुणी दाखवली? ती दुसऱ्या बाजूलाही दाखवता आली नव्हती. खालच्या न्यायालयांनी ती गृहीत धरली होती. रूढी कुणाचीच सिद्ध नसेल तेव्हा काय करायचं, याची तरतूद 1875 च्या मध्य प्रांत कायद्यात होती: न्याय, समता आणि सदसद्विवेकबुद्धीने निकाल द्यावा. तो कायदा 2018 मध्ये रद्द झाला, पण आधी निर्माण झालेले हक्क शाबूत होते. त्याला संविधानाच्या 14 व्या कलमाची जोड देऊन न्यायालयाने त्या बाईच्या वारसांना तिच्या भावांच्या बरोबरीचा वाटा दिला. गोंदिया तेव्हा मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात मोडायचं, म्हणजे 1875 चा तो कायदा या मातीतलाही आहे.

या निकालाचा अर्थ ताणायला नको. त्याच वर्षी ऑक्टोबरात, हिमाचल प्रदेशातल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की न्यायालय आदेश काढून हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू करू शकत नाही; ते काम केंद्राचं. केंद्राने कायद्यात बदलाचा विचार करावा असं त्याच न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये कमला नेती खटल्यात म्हटलं होतं. तेव्हा आजची स्थिती अशी: देवरीच्या गोंड लेकीला हिंदू कायदा नाही, पण लेकीला वाटा देत नाहीत अशी आमची रूढी आहे, असं जो भाऊ म्हणेल त्याने ती पुराव्याने दाखवायची. जुने फेरफार, समाजातले झालेले निवाडे, ज्येष्ठांच्या साक्षी, जे असेल ते. आणि तशी रूढी दाखवली तरी समतेच्या कसोटीवर ती टिकेल की नाही, हा प्रश्न उरतोच.

जंगलाच्या जमिनीवर मात्र आदिवासी बाईची बाजू सगळ्यांत भक्कम आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने द्यावा लागतो. तो विकता येत नाही, वारसाने जातो, आणि थेट वारस नसेल तर सर्वांत जवळच्या नातलगाकडे जातो. बिगर आदिवासींना हाच हक्क मागायचा तर 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि कायद्याने पिढी म्हणजे 25 वर्षं असं ठरवून टाकलं आहे. आजोबा वीस वर्षांचे असताना बाप झाला की चाळिशीत, त्याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही.

जातपडताळणीत नात्याचा आणखी वेगळा कस लागतो. वंशावळ मागतात ती बापाकडची. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा. आजोबांचा शाळेचा दाखला, पणजोबांचा जुना खसरा. बापाकडच्या रक्तनात्यातल्या कुणाची वैधता झालेली असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. चुलत्याचं वैधता प्रमाणपत्र फायलीतला हुकमी कागद, मामाचं तितकंच खरं प्रमाणपत्र तिथे सहसा बाजूला पडतं. मग एरवी बोलणं नसलेल्या चुलत्याच्या दारात झेरॉक्ससाठी जावं लागतं. जिल्ह्यातल्या किती भाऊबंदक्या बारावीच्या निकालानंतर मिटत असतील, याची मोजदाद कुणी करायला हवी. 26 जानेवारी 2024 च्या मसुदा अधिसूचनेत कुणबी दाखल्यांसाठी सगेसोयरे या शब्दाची व्याख्या आली आणि राज्यभर वादळ उठलं ते एवढ्याचसाठी. बापाच्या रेषेबाहेर, लग्नाने जोडलेल्या नात्यालाही दप्तरात वजन मिळणार का, हा तो प्रश्न होता.

योजनांची तर प्रत्येकीची आपापली कुटुंबाची व्याख्या. पीएम किसानमध्ये नवरा, बायको आणि अज्ञान मुलं, बस. 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कुटुंब धरलं ते एका चुलीवर जेवणाऱ्यांचं किंवा एका रेशनकार्डावरच्यांचं. त्यामुळे एकाच वाड्यात राहणारे दोन भाऊ एका कार्यालयात एक कुटुंब असतात, दुसऱ्यात दोन.

हक्कांबद्दल इतकं बोललं जातं, पण नातलगाच्या जबाबदारीचं कलम कमी माहीत आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात मुलांवर आईबापांचा भार टाकला आहे हे सगळे जाणतात. पण निपुत्रिक म्हाताऱ्या काकू, आत्या, मामा यांचं काय? त्यांच्या मालमत्तेचा ताबा ज्याच्याकडे आहे किंवा त्यांच्यामागे ती ज्याला मिळणार आहे, अशा सज्ञान नातलगाकडून त्यांना निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात करायचा, खर्च दरमहा 10,000 रुपयांपर्यंत मिळू शकतो. सांभाळण्याची अट लिहून बक्षीसपत्र केलं असेल आणि पुतण्याने जमीन घेऊन म्हातारीला वाऱ्यावर सोडलं असेल, तर ते बक्षीसपत्र रद्दही होतं. अट लिहायला विसरू नये. वकिलाने नमुन्यातून छापून आणलेल्या दस्तात ती बरेचदा नसते.

आणि नॉमिनी म्हणजे मालक, हा समज सोडून द्यावा. कालनिर्णयकार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा 14 डिसेंबर 2023 रोजी न्यायालयाने सांगितलं की शेअर्स आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनीचं नाव असलं तरी मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. पतसंस्थेतल्या ठेवीवर थोरल्याचं नाव लागलं, तर त्याने पैसे काढायचे ते सगळ्यांच्या वतीने.

वारसांच्या या सगळ्या याद्यांमध्ये एक नातं औषधालाही सापडत नाही: जावयाची सासू. पण रस्त्यावरच्या अपघाताचा कायदा वेगळं विचारतो. एका अपघातात गेलेल्या माणसाच्या नुकसानभरपाईचा प्रश्न 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. त्याच्या घरी त्याची सासू राहायची आणि ती त्याच्यावरच अवलंबून होती. विमा कंपनीचं म्हणणं, ती वारस नाही. न्यायालय म्हणालं, वारस नसेल, पण मोटार वाहन कायद्यात कायदेशीर प्रतिनिधी ठरायला वारस असावंच लागत नाही. त्याच्या मरणाने तिचा आधार गेला एवढं पुरतं. सासूला भरपाई मागण्याचा हक्क मिळाला, आणि अवलंबून असलेल्यांच्या गणतीत तिलाही धरलं गेलं.